अकरा महिन्यांची फेरी

"पाटा राहिला की आत," टेंपोच्या फाळक्याला टेकून मुनीरभाई म्हणाला.

पाटा राहिला नव्हता, ठेवला होता. स्वयंपाकघराच्या दारामागं, भिंतीला पाठ लावून आणि वरवंटा मांडीवर घेऊन तो पाहुण्यासारखा बसला होता. तो तिथं आहे हे मला ठाऊक होतं आणि जयवंतला ठाऊक होतं. पायरीवर बसून आमचं सामान बाहेर येताना मोजणाऱ्या आमच्या घरमालकीण चंद्राक्कांना ते ठाऊक नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

"असू दे," जयवंत घाईनं म्हणाला. "दगडच तो. संध्याकाळी परत यायचंच आहे."

आक्कांनी पदर सावरला. नऊवारीच्या ओच्यात किल्ली खोचलेली, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात त्यांच्या नवऱ्याची शिवणकामाची टेप. एरवी खुंटीवरचा आरसा राहिला तरी त्या हाक द्यायच्या, "घर कसं, घासलेल्या ताटागत दिसाया पायजे." आज त्या फक्त माझ्याकडं बघत राहिल्या.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. तेव्हा आम्ही तासगावात, गणपतीच्या देवळामागच्या आळीत राहत होतो. कौलारू घर, पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या दोन आक्कांच्या. आक्का पासष्टीच्या, एकट्या. नवरा शिंपी होता, तो जाऊन सहा वर्षं झालेली. जयवंत शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मी कोर्टाजवळ उपळेकर वकिलांकडं टायपिस्ट होते. लग्नानंतर तीन वर्षांत पाच घरं बदलून आम्ही या घरात टेकलो होतो. पहिल्या दिवशी भिंतीत खिळा ठोकताना मी जयवंतला म्हटलं होतं, "हा आता इथंच गंजू दे."

पण आक्कांची एक अट होती. त्या काळी लोक भाड्याचे कागद अकरा महिन्यांचे करायचे. त्यावर दिवस गेला की भाडेकरू घराला चिकटला, असं आळीत सगळे मानायचे. बाकीचे घरमालक मुदत संपली की नवा कागद करून मोकळे व्हायचे. आक्कांचा कागदावर भरवसा नव्हता. त्यांना घर डोळ्यांनी रिकामं बघायचं असे. म्हणून अकरा महिने भरले की आमची फेरी निघायची. सगळं सामान मुनीरभाईच्या टेंपोत घालायचं, गोपुराला वळसा घालून देवळाच्या पटांगणात लिंबाखाली दिवसभर थांबायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. तोवर आक्का रिकाम्या खोल्यांत एकट्या बसून राहायच्या.

परत आलो की त्या दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या आणि ओळख नसल्यागत विचारायच्या, "कोण गं बाई तुमी? कुटनं आलासा?"

मी म्हणायचं, "खोली बघायला आलोय."

"मग बगा की." तुकडा ओवाळून टाकून त्या आम्हाला आमचंच घर दाखवायच्या. ही चूल, ही मोरी, हा कोनाडा. मग मी विचारायचं, "पाणी किती वाजता येतं?" आणि त्या म्हणायच्या, "सकाळी सा वाजता. उशीर केलासा तर हंडा कोरडा." एवढं झालं की हसायला परवानगी होती. मग त्या ओवी म्हणायच्या, त्या वेळेपुरती जुळवलेली:

आली गं आली गाडी, गाडीत चूल नि पाटा
नव्या बिऱ्हाडाला, ठाव्या जुन्या वाटा

फेरीला तिथी नव्हती. पहिली जुलैत पडली आणि गाद्या भिजल्या. दुसरी जूनमध्ये आली, आणि ही तिसरी, मेच्या उन्हात. दर खेपेला महिनाभर अलीकडं सरकायची. मुनीरभाई म्हणायचा, "आमच्या ईदेसारखी हाय तुमची फेरी, वैनी. सगळ्या ऋतूंतनं फिरून येनार."

या खेपेला मात्र मला हसू येत नव्हतं. त्याचं कारण दारामागं बसलं होतं.

मार्चअखेर भाड्याच्या घरांचा नवा कायदा लागू झाला होता. उपळेकर वकिलांनी पक्षकारांसाठी त्याचं मराठी टिपण सांगितलं, मी टाइप केलं आणि एका कलमाशी माझी बोटं थांबली. भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी घरमालकानं करून घ्यायला हवी. नसेल केली, तर घर कुठल्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं. ते खोटं आहे हे घरमालकानं सिद्ध करायचं.

आक्कांचे कागद मीच टाइप केले होते. स्वतःचं घर सोडायचा कागद स्वतःच्या बोटांनी. त्यातल्या एकाचीही नोंदणी नव्हती.

घरी येऊन जयवंतला सांगितलं. तो चहा ढवळायचा थांबला.

"म्हणजे तू म्हणालीस, आक्कांनी घर दहा वर्षांसाठी दिलंय, तर दहा वर्षं?"

"खोटं आहे हे त्यांनी दाखवायचं."

"त्यांना वाचता कुठं येतं?"

"टेपवरचे आकडे येतात."

तो हसला, मीही हसले, पण ते थट्टेवर संपलं नाही. कारण एरवी हा विचार आमच्या मनाला शिवला नसता, पण थंडीपासून सांगलीचे एक बिल्डर, शेटफळे, पेढ्यांचा पुडा घेऊन आक्कांकडं यायला लागले होते. घर पाडून तिथं तीन मजले उठवायचे आणि आक्कांना त्यात एक फ्लॅट, असं त्यांचं बोलणं. आळीत म्हणायचे, आक्का पेढे घेतात, नाही म्हणत नाहीत. त्यांनी होय म्हटलं की आमचा खिळा निघाला.

"एक काम कर," फेरीच्या आदल्या दिवशी जयवंत म्हणाला. "जायला नको म्हणू नकोस. फक्त पाटा आत राहू दे. एक वस्तू जरी आत राहिली तरी घर सोडलं असं होत नाही. पुढं वेळ आलीच तर बोलायला जागा राहील."

"आणि वेळ नाही आली तर?"

"तर चटणी वाटायची."

तर तो पाटा.

मुनीरभाईनं इंजिन चालू केलं. जयवंत पुढं बसला. मी पाय वर टाकला आणि पायरीकडं बघितलं. आक्का ओच्यातली किल्ली काढून हातात फिरवत होत्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

मी खाली उतरले, आत गेले आणि पाटा उचलला. तो एकट्या बाईनं उचलायचा दगड नव्हे. पोटाशी धरून, फेंगडी चालत बाहेर आले, तेव्हा जयवंतनं कपाळाला हात लावला आणि मुनीरभाई म्हणाला, "वैनी, खाली पडला तर माझी गाडी जाईल आन् तुमचा पाय."

दोघांनी तो चढवला. मी परत जाऊन वरवंटा आणला. आक्कांनी कुलूप लावून पाहिलं, काढलं, आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

लिंबाखाली आमचं बिऱ्हाड उन्हातल्या देव्हाऱ्यासारखं मांडलेलं. येणारे-जाणारे विचारायचे, "झाले का अकरा?" कपाटाच्या सावलीत बसून आम्ही चपाती-चटणी खात होतो. जयवंत माझ्यावर रुसला होता, पण रुसून बसायला आमच्याच दोन खुर्च्या होत्या आणि त्या एकमेकींना बांधलेल्या होत्या.

"तुला एवढं वाटतं, तर कायद्याचं सांगून का टाकलं नाहीस?" तो म्हणाला.

"सांगणार आहे."

"कधी?"

तेवढ्यात पाणी पिऊन तोंड पुसत मुनीरभाई म्हणाला, "एक बोलू का? परवा ते पेढेवाले साहेब मला भेटले. फेरी कदी हाय म्हून विचारत हुते. मी सांगितली तारीख. मला काय म्हाईत? आता वाटतंय, रिकामं घर बगायलाच विचारलं आसंल."

जयवंतनं माझ्याकडं बघितलं. मी चपातीचा घास तसाच ठेवला. भाडेकरू आत असलेलं घर बिल्डर घ्यायला कचरतो हे मी रोज ऑफिसात ऐकत होते. वर्षातून एकच दिवस ते घर मोकळं असायचं आणि तो दिवस आम्ही आमच्या हातांनी, अगदी पाट्यासकट, मोकळा करून दिला होता.

दिवेलागणीला अजून तीन तास होते. मी चप्पल घातली.

"नियम मोडतेयस," जयवंत म्हणाला. त्याच्या आवाजातला रुसवा गेला होता. "थांब, मी पण येतो."

"तू सामानाशी बस. मी नुसती बघून येते."

आळीच्या तोंडाशी शेटफळ्यांची पांढरी गाडी उभी होती. मी झपाझप घर गाठलं. दार उघडं होतं. आमच्या रिकाम्या खोलीत शेटफळे उकिडवे बसले होते, शर्टावर घामाचे नकाशे. त्यांच्या एका हातात टेपचं टोक होतं. दुसरं टोक आक्कांच्या हातात, पलीकडच्या भिंतीशी.

"धरा नीट," आक्का म्हणत होत्या. "ढिली सोडू नगा. शिंप्यानं टेप ढिली धरली तर झबलं शिवायचं त्याचा सदरा हुतो."

"आक्का, पण ही खोली मोजून काय करायचंय? ही पाडायचीच आहे."

"किती भरलं?"

"बारा बाय दहा."

"म्हंजी एकशे ईस. आन् तुमी मला दिनार पाचशे फूट."

"पाचशे. पुरे पाचशे."

"बरं." आक्का खाली बसल्या आणि मी दारात आहे हे बघूनही न बघितल्यासारखं करून म्हणाल्या, "गेल्या बुधवारी मी तुमच्या सांगलीच्या बिल्डिंगीत जाऊन आलो. पाचशेचाच फ्लॅट, तुमच्याच मानसानं दावला. ह्या टेपनं मोजला. तीनशे साठ भरला."

शेटफळे हसले. "आक्का, त्यात जिना येतो, भिंती येतात, गच्चीचा हिस्सा, पॅसेज. त्याला सुपर बिल्टअप म्हणतात."

"व्हय, म्हनाला तो. मी म्हटलं, बाबा, जिना माझा, पर निजू कुटं? आमच्या कारभाऱ्यांनी उभ्या जल्मात गिऱ्हाइकाच्या सावलीचं माप घेतलं न्हाई. सदरा अंगाला शिवायचा आस्तो."

"कायद्यानंसुद्धा आतली जागाच सांगावी लागते," माझ्या तोंडून निघून गेलं. "चटईक्षेत्र. करारात तेच लिहावं लागतं."

शेटफळ्यांनी वळून बघितलं. "या कोण?"

"ह्या आज कुनी न्हाईत," आक्का म्हणाल्या. "दिवेलागनीला येत्यात."

शेटफळ्यांनी आणखी थोडा वेळ गच्चीचं, लिफ्टचं, सिंकचं सांगून पाहिलं. मग आक्कांनी कोनाड्यातनं त्यांच्याच पेढ्यांचा पुडा काढला, एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तीनशे साठ लिवून आना, मग बोलू. तवर हिकडं ऊन लई हाय." शेटफळ्यांनी पेढा खाल्ला, टेपचं टोक काळजीपूर्वक खाली ठेवलं आणि गेले. गाडीचा आवाज वळणावर विरेपर्यंत आक्का टेप गुंडाळत राहिल्या.

"तीन तास आदी आलीस," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. आत जावं की नाही कळेना. मग मी तिथूनच सांगून टाकलं. नवा कायदा आलाय, आपल्या कागदाला नोंदणी नाही, त्यामुळं मी म्हणेन ते खरं धरलं जाईल, तुम्ही नोंदणी करून घ्या. नोंदणी केली की मुदत संपल्यावर घर तुमच्या हातात येतंच, मग फेरीचीही गरज नाही. आणि हे मला महिन्याभरापासून माहीत आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात जड गेलं.

आक्कांनी टेप गळ्यात अडकवली.

"उपळेकर वकिलांनी मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिस झालं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत हुतं म्हून तर सकाळी गप बसलो. पाटा दारामागं हाय, त्येबी म्हाईत हुतं. म्हटलं बगू तरी."

मला उंबऱ्याखाली शिरावंसं वाटलं. आक्का मात्र हसत नव्हत्या. त्यांनी रिकाम्या खोलीवरनं नजर फिरवली, कोनाडा, खुंटी, माझा तो खिळा.

"हितं बस," त्या म्हणाल्या. "तुला ठावं न्हाई, आमी ह्या घरात भाड्यानं आलो."

मी बसले.

"घर तारळेकर नानांचं. शाळेत मास्तर हुते, तुझ्या नवऱ्यावानी. ह्या दोन खोल्या आमच्या, मागं त्येंचं बिऱ्हाड. आमी आठ-नऊ वर्सं ऱ्हायलेलो. कागद न्हाई, फेरी न्हाई. त्या वक्ताच्या कायद्यानं भाडेकरूला हात लावता येत न्हवता. नानांच्या कुसुमचं लगीन ठरलं. नाना दारात आले, आतबी आले न्हाईत, तू हुबी हुतीस तितंच. म्हनाले, चंद्राबाई, चार दिस खोल्या मोकळ्या करून देता का? मांडव घरात घालीन म्हनतो, लेकीचं लगीन हाय."

"मग?"

"आळीतली शानी मानसं म्हनली, गेलासा का गेलासा. भाईर पडलेला भाडेकरू आत येत न्हाई. आमच्या कारभाऱ्यांनी शिवनाचं मशीन उचललं आन् ह्या दारात, आडवं, मांडलं. बोलले कायबी न्हाईत. दारात बसून सदरा शिवत ऱ्हायले."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"लगीन देवळाच्या ओवरीत झालं. मला कुसुमनं अक्षता धाडल्या हुत्या. म्होरल्या साली नानांनी घर आमालाच देऊन टाकलं, आमी ठरवू त्या भावानं. म्हनाले, तुमीच ऱ्हाताय, तुमचंच हाय. कायद्यानं सगळं बरूबर झालं, बाय. कुनी बोट दावलं न्हाई." त्यांनी खिळ्याला बोट लावलं. "म्हून मला दर खेपेला बगायचं आस्तं, मानूस चार भांडी उचलून भाईर पडतंय का. सोपं आस्तं का ते. आज मशीन कुटं आडवं मांडलंय, सकाळी दिसत हुतं मला. आन् मग तू त्यो धोंडा पोटाशी धरून भाईर आलीस. बदकागत."

आता त्या हसल्या. मग मलाही हसू आवरेना.

"जा आता," त्या म्हणाल्या, "दिवेलागनीला ये. भाकरी थापायची हाय."

मी पळतच पटांगणात गेले. संध्याकाळी मुनीरभाईनं कारण नसताना गोपुराला दोनदा वळसा घातला आणि आळीत शिरताना हॉर्न वाजवला. दारात आक्का तुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"कोण गं बाई तुमी? कुटनं आलासा?"

पुढच्या आठवड्यात आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. कागद मीच टाइप केला होता, मुदतीची जागा कोरी ठेवून. आक्कांनी विचारलं, "जास्तीत जास्त किती?" वकील म्हणाले, "साठ महिने." "मग त्येच घाला," आक्का म्हणाल्या आणि जांभळा अंगठा पदराला पुसला.

फेरी संपली असं मी धरून चालले. वर्ष फिरलं. एप्रिलमध्ये, अकरा महिने भरले त्या दिवशी सकाळी, मी सवयीनं दाराबाहेर बघितलं तर खरंच मुनीरभाईचा टेंपो उभा.

"मी न्हाई बोलावला," जयवंत म्हणाला.

मागच्या दारानं आक्का आल्या. इरकली लुगडं, हातात पिशवी, काखेत एक वळकटी. पिशवीतून खणाची हिरवी किनार डोकावत होती.

"ह्या खेपेला मी भाईर पडतोय," त्या म्हणाल्या. "माझ्याबी खोल्या तू बग. मशीन मुनीरच्या गाडीत चढवलंय, मागं कायबी ठेवलं न्हाई. किल्ली घे."

"कुठं निघालात?"

"कवठ्याला. कुसुमकडं. तिला आता नातवंडं हायेत म्हनं." त्या पुढं बसल्या, मुनीरभाईकडं वळून म्हणाल्या, "आदी मला मोटार अड्ड्यावर सोड, मग मशीन घिऊन लिंबाखाली ऱ्हा." आणि मला म्हणाल्या, "चार दिसांनी येतो."

चार दिवस मी त्यांच्या खोल्यांत संध्याकाळी दिवा लावत होते. रिकाम्या खोलीत आपला स्वतःचाच आवाज मोठा येतो. त्यांनी तिथं बसून काय ऐकलं असेल याचा मी फार विचार केला नाही. मुनीरभाई रोज येऊन सांगायचा, "मशीन सुखरूप हाय. लिंबाखालनं आमच्या अंगनात आनलं, पोरं शिवायला शिकली."

चौथ्या दिवशी दिवेलागणीला टेंपो आळीत शिरला. मी भाकरी थापून ठेवली होती. तुकडा आणि तांब्या घेऊन दारात उभी राहिले. जयवंत माझ्यामागं. आक्का उतरल्या. त्यांच्या कपाळावर मळवटभर अंगारा होता, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि चालीत काहीतरी निराळं होतं, वळकटी गाडीतच विसरल्यासारखं. येताना त्या ओठांत काहीतरी जुळवत होत्या. जवळ आल्या तसं ऐकू आलं:

चार दिसांचं गं ओझं, चाळीस वर्सं उशाला
आता मान हलकी झाली, बाई, उशी कशाला

उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या. पायरीखालीच. आत यायला वाट बघत.

"कोण गं बाई तुम्ही?" मी म्हटलं. "कुठून आलात?"

"खोली बगाया आलोय," आक्का म्हणाल्या.

मी तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि बाजूला सरले. त्यांनी एक पाय आत टाकला, कोनाडा बघितला, मोरी बघितली, आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखं सगळं नीट बघितलं. मग माझ्याकडं वळून, अगदी गंभीर तोंडानं, त्यांनी विचारलं,

"पानी किती वाजता येतं म्हनलासा?"